युरेनिल ॲसिटेटची २५ ग्रॅमची बाटली : चार वर्षांच्या वापरानंतर

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रयोगशाळेत उठताबसता लागणाऱ्या रसायनांमध्ये युरेनिल ॲसिटेट डायहायड्रेट, म्हणजे नमुने रंगवण्यासाठी वापरला जाणारा युरेनियमचा क्षार, हे बहुधा सर्वांत जास्त गैरसमज वाट्याला आलेले रसायन असावे. आम्ही या क्षाराची २५ ग्रॅमची तपकिरी काचेची बाटली घेतली त्याला आता चार वर्षे झाली. मधल्या काळात त्याच पुरवठादाराकडून दुसरी एक बाटलीही आली, आणि दोन्हींचा अनुभव इतका वेगळा निघाला की त्यावर सविस्तर लिहावे असे वाटले. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असे प्रकार कोणत्याही एकाच नावाखाली घडतात असे नाही. पदार्थ उत्तम आहे, पण तो ज्या रीतीने विकला जातो ती रीत तितकी उत्तम नाही, हे माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. त्याच्याबद्दल केल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ साध्या रसायनशास्त्रात सापडते, किरणोत्साराशी त्यांचा काही संबंध नसतो.

पहिल्या बाटलीचे झाकण उघडले तेव्हा लक्षात आली ती तिची जडता. बाटली जेमतेम अंगठ्याएवढी, पण हातात घेतल्यावर तिच्यात वाळूपेक्षा काहीतरी वेगळे आहे हे तळव्याला कळते. स्फटिकांची घनता पाण्याच्या पावणेतीन पटींहून थोडी अधिक आहे आणि वजनाच्या सुमारे ५६ टक्के भाग निव्वळ युरेनियमचा आहे, त्यामुळे २५ ग्रॅमच्या या लहानशा ढिगात १४ ग्रॅम युरेनियम असते. रंग पिवळा, पण हळदीसारखा उबदार नव्हे. त्यात हिरवी झाक आहे आणि ती अतिनील दिव्याखाली उघडपणे हिरवी होते. वास अगदी पुसट, व्हिनेगरसारखा. (तो मुद्दाम घेऊ नये, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, तोलतानाही कळायचा तेवढा कळतो.) हा वास चांगल्या मालाची खूण आहे आणि त्याचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

हा क्षार आमच्या उपयोगाचा का ठरतो, हे त्याच्या आयनाची रचना पाहिल्यावर समजते. युरेनियम या क्षारात एकटा नसतो. त्याच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन अणू अगदी सरळ रेषेत घट्ट बांधलेले असतात, आणि हा त्रिकुटाचा दांडा, म्हणजे युरेनिल आयन, पाण्यात, स्फटिकात, एका क्षारातून दुसऱ्या क्षारात जाताना सहसा मोडत नाही. नायट्रेट असो, सल्फेट असो वा ॲसिटेट, पिवळा रंग आणि हिरवे अनुस्फुरण ही या दांड्याचीच देणगी आहे. नवे बंध जोडायचे ते दांड्याच्या कमरेभोवती, त्याला काटकोनात असलेल्या प्रतलात, आणि तेथे चार ते सहा जागा असतात. या जागांना ऑक्सिजनची ओढ फार, त्यातही फॉस्फेट आणि कार्बॉक्सिल गटांतील ऑक्सिजनची. पेशीत फॉस्फेट कोठे असते? डीएनए आणि आरएनएच्या कण्यात, आणि पटलांच्या मेदरेणूंच्या डोक्यांवर. कार्बॉक्सिल गट प्रथिनांवर जागोजागी असतात. ज्या जागा पाहायच्या असतात त्याच जागी ९२ अणुक्रमांकाचा अणू जाऊन बसतो आणि इलेक्ट्रॉनांना विखुरतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांनी बनलेल्या ऊतीच्या फिकट, अतिपातळ कापात एवढा उठाव दुसऱ्या कशाने सहज येत नाही.

१९५८ मध्ये वॉटसन यांनी जड धातूंच्या क्षारांनी ऊतींचे काप रंगवण्याची पद्धत मांडली, तीत युरेनिल ॲसिटेट होते. १९६० मध्ये हक्सली आणि झुबे यांनी जिवाणूंच्या रायबोसोमांभोवती ते सुकवून निगेटिव्ह स्टेनिंगसाठी, म्हणजे नमुन्याऐवजी त्याच्या भोवतालची जागा गडद करण्यासाठी, वापरले. पुढे १९६३ मध्ये रेनॉल्ड्स यांचे लेड सायट्रेट आले आणि 'आधी युरेनिल, मग शिसे' ही जोडी ठरून गेली, ती आजही बऱ्याच ठिकाणी तशीच चालू आहे. साठ वर्षांहून अधिक काळ एखादे अभिकर्मक फारसे न बदलता वापरात राहते तेव्हा त्यामागे केवळ सवय नसते.

द्रावण करण्याच्या बाबतीत मात्र या क्षाराचा स्वभाव हट्टी आहे. पाण्यात तो १०० मिलिलिटरला सात-आठ ग्रॅम विरघळतो असे कोष्टके सांगतात, म्हणजे दोन टक्क्यांचे द्रावण चुटकीसरशी व्हायला हवे. प्रत्यक्षात ते होत नाही. एक ग्रॅम क्षार ५० मिलिलिटर उकळून गार केलेल्या शुद्ध पाण्यात टाकला की थोडा भाग लगेच विरघळतो आणि उरलेला तळाशी पिवळी रांगोळी घालून बसतो. आम्ही भांड्याला ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळून चुंबकीय ढवळणीवर रात्रभर ठेवतो, सकाळी ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळतो आणि तपकिरी बाटलीत भरून शीतकपाटात ठेवतो. पहिल्या बाटलीतील क्षाराने या पद्धतीला कधी दगा दिला नाही. गाळणीवर काही उरत नसे, द्रावणाचा सामू (पीएच) ४.२ ते ४.५ च्या दरम्यान येई आणि द्रावण काही महिने टिके.

दुसऱ्या बाटलीने मात्र पहिल्याच दिवशी निराशा केली. क्षाराचे गोळे झाले होते, रंग किंचित मळका होता आणि तो पुसट व्हिनेगरचा वास जवळजवळ नव्हता. रात्रभर ढवळूनही तळाशी फिकट पिवळा गाळ राहिला, आणि गाळल्यावर गाळणीचा कागद इतका भरला की सिरिंज पुढे सरकेना. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. ॲसिटिक आम्ल बाष्पनशील आहे. झाकण सैल राहिले किंवा माल बराच काळ उष्ण जागी पडून राहिला तर क्षारातून ते हळूहळू उडून जाते आणि मागे आम्लारिधर्मी युरेनिल ॲसिटेट उरते, जे पाण्यात नीट विरघळत नाही. द्रावणात ग्लेशियल ॲसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकताच गढूळपणा बराचसा निवळला, त्यामुळे निदान बरोबर असावे. पण मग दोन टक्के म्हणून तयार केलेले द्रावण नेमके किती टक्के झाले, हे सांगता येईना, आणि ज्या कामात सामू महत्त्वाचा असतो तेथे असे थेंब टाकून वेळ मारून नेणे योग्य नाही. पुरवठादाराला छायाचित्रांसह कळवले. 'शुद्धता मर्यादेत आहे' असे एका ओळीचे उत्तर आले. असेलही, शुद्धतेच्या प्रमाणपत्रात युरेनियमचे प्रमाण मोजलेले असते, आणि आम्ल उडाले की ते प्रमाण वाढतेच! अविद्राव्य अवशेषाचा आकडा प्रमाणपत्रावर असता तर हा वाद उद्भवला नसता. बाटलीवर उत्पादनाची तारीखही नव्हती, फक्त बॅच क्रमांक होता. या एका गोष्टीसाठी मी या विक्रीला निम्मे गुण कापते.

द्रावण तयार झाले की त्याचा पहिला शत्रू प्रकाश. 'प्रकाशापासून दूर ठेवा' हे वाक्य इतक्या रसायनांच्या लेबलांवर असते की ते कोणी वाचत नाही, पण येथे ते अक्षरशः खरे आहे. युरेनिल आयन अंधारात सौम्य ऑक्सिडीकारक असतो; निळा किंवा अतिनील प्रकाश शोषून तो उत्तेजित झाला की त्याचे क्षपण विभव, म्हणजे दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद, सुमारे २.६ व्होल्टपर्यंत जाते, म्हणजे क्लोरीनला बरेच मागे टाकून फ्लोरीनच्या शेजारी जाऊन बसते. अशा अवस्थेत जवळपास जे कोणते सेंद्रिय द्रव्य असेल, अल्कोहोल, ॲसिटेट किंवा बोटाचा माग, त्याचे तो ऑक्सिडीकरण करतो आणि स्वतः सहा संयुजी अवस्थेतून चार संयुजी अवस्थेकडे उतरतो. गंमत अशी की याच दोषाचा रसायनशास्त्रज्ञांनी एकेकाळी उपयोग करून घेतला: युरेनिल क्षार आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे मिश्रण प्रकाशात ठेवून किती ऑक्झॅलेट नष्ट झाले यावरून प्रकाशाचे मोजमाप केले जाई. आमच्याकडे एका नव्या विद्यार्थ्याने ५० टक्के एथेनॉलमध्ये केलेले द्रावण पारदर्शक काचेच्या कुपीत घालून खिडकीजवळच्या फळीवर ठेवले होते. चार दिवसांनी कुपीच्या ज्या बाजूला ऊन लागत होते त्याच बाजूला काचेवर तपकिरी पापुद्रा धरला होता, दुसरी बाजू स्वच्छ होती. समजावून सांगण्यासाठी याहून चांगले प्रात्यक्षिक मला करता आले नसते. ती कुपी आम्ही टाकाऊ डब्यात रिकामी केली, पण तिचे छायाचित्र अजून भिंतीवर आहे. जाता जाता, युरेनिल नायट्रेट वापरणाऱ्यांनी याहून अधिक सावध राहावे: ईथरमधील त्याच्या द्रावणाचा उन्हात स्फोट होऊ शकतो.

दुसरा शत्रू फॉस्फेट. ज्या ओढीमुळे युरेनिल डीएनएला चिकटतो तीच ओढ बफरमधील, म्हणजे सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणातील, फॉस्फेटशी असते, आणि युरेनिल फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर फॉस्फेट बफर पाण्यासारखा वापरला जातो. ग्रिडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकात नमुना धरणाऱ्या बारीक जाळीवर, नमुना ठेवून तो पाण्याने नीट न धुता त्यावर स्टेनचा (रंजकाचा) थेंब टाकला तर पडद्यावर काय दिसते ते एकदा पाहिले की विसरत नाही. विषाणूंचे नेटके गोल दिसायच्या जागी मिरपूड सांडल्यासारखे काळे कण सर्वत्र पसरलेले असतात, काही विषाणूंच्या अंगावर, काही मधल्या मोकळ्या जागेत, आणि मोठे करून पाहिले तर प्रत्येक कणाला टोकदार कडा असतात. नवशिके याचे खापर स्टेनवर फोडतात आणि नवी बाटली मागवतात. दोन थेंब शुद्ध पाण्याने धुतले असते तर काम झाले असते. कापांवर मात्र गुन्हेगार ओळखायला शिकावे लागते: लांब सुयांसारखे स्फटिक दिसले तर बहुधा युरेनिलचे, गोलसर काळे ठिपके दिसले तर बहुधा शिशाचे, कारण लेड सायट्रेट हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळून लेड कार्बोनेट तयार करते. त्यासाठीच शिशाच्या टप्प्यावर बशीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवतात, आणि तेव्हा श्वासही थेंबावर सोडायचा नसतो.

सामूचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. द्रावण आम्लधर्मी असते म्हणून ते टिकते. सामू उदासीनतेकडे नेऊ लागलो की पाणी स्वतःच युरेनिलच्या कमरेच्या जागा हायड्रॉक्साइडने भरू लागते आणि गाळ खाली बसतो. त्यामुळे शरीरातल्या सामूवर, ७.४ वर, हे रंजक वापरता येत नाही, आणि हा त्याचा खरा, न टाळता येणारा दोष आहे. इन्फ्लुएंझा विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॲग्लुटिनिन हे प्रथिन सामू ५ च्या आसपास आपला आकार कायमचा बदलते. अशा नमुन्यावर साडेचारचा थेंब टाकणे म्हणजे पाहायला गेलो ते आपणच बदलून टाकण्याची शक्यता ओढवून घेणे. याच्या उलट बाजूने सांगण्यासारखे असे की युरेनिल प्रथिनांना काही मिलिसेकंदांत जखडून टाकतो, म्हणजे तो रंजकही आहे आणि स्थिरकही. आम्लाने आकार बदलण्याआधीच रेणू जागच्या जागी गोठला, असे बऱ्याच नमुन्यांत घडते. बऱ्याच, सगळ्यांत नव्हे.

आता निकालांबद्दल. कापांच्या बाबतीत पहिल्या बाटलीतील क्षाराने जे दिले त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. पॅराफिल्म या मेणचट पातळ फितीवरच्या थेंबावर ग्रिड पालथी ठेवून पंधरा मिनिटे, मग धुणे, मग शिसे तीन-चार मिनिटे, एवढ्यावर केंद्रकातील क्रोमॅटिन गडद होते, रायबोसोम वेगळे मोजता येतात आणि पटलाच्या दोन काळ्या रेघा व मधली फिकट रेघ स्वच्छ दिसते. खरी करामत निगेटिव्ह स्टेनिंगमध्ये आहे. कार्बनचा थर दिलेल्या ग्रिडवर नमुन्याचे तीन मायक्रोलिटर, एका मिनिटाने गाळणकागदाच्या कडेने ते टिपणे, पाण्याचा एक-दोन थेंब, मग स्टेन, पुन्हा टिपणे: हे सगळे पाच मिनिटांत होते. सुकताना युरेनिल रेणूच्या खाचाखोचांत शिरून काचेसारखा थर धरतो, आणि मग प्रथिन काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे दिसते. त्या थराचा कण चार-पाच अँगस्ट्रॉमचा असतो, तर फॉस्फोटंगस्टिक आम्ल या दुसऱ्या रंजकाचा याच्या जवळपास दुप्पट. टंगस्टनचे द्रावण उदासीन सामूवर चालते ही त्याची मोठी सोय, पण दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की फरक अनुभव नसलेल्या डोळ्यालाही दिसतो.

याच घराण्यातला युरेनिल फॉर्मेट याहूनही बारीक कणांचा आहे, आणि ज्यांना एकेका रेणूची हजारो चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढायची असते ते त्यालाच पसंती देतात. आम्हीही तो वापरून पाहिला. उकळत्या पाच मिलिलिटर पाण्यात ३७.५ मिलिग्रॅम घालायचे, सोडियम हायड्रॉक्साइडचे काही मायक्रोलिटर टाकून रंग गडद पिवळा होईपर्यंत ढवळायचे, गाळायचे आणि दोन-चार दिवसांत संपवायचे. हायड्रॉक्साइड एक मायक्रोलिटर जास्त पडले की सगळे गढूळ होते आणि पुन्हा पहिल्यापासून. चित्रे खरोखर सरस येतात, पण आठवड्यातून एकदाच नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेला हा खटाटोप परवडत नाही. ॲसिटेटचे द्रावण शीतकपाटात महिनोन्महिने मुकाट्याने वाट पाहते.

आता ज्या विषयावर सर्वाधिक बोलले जाते तो. लेबलावर किरणोत्साराचे चिन्ह आहे आणि खाली 'ऱ्हासित युरेनियम' असे दोनच शब्द. ऱ्हासित म्हणजे ज्यातून युरेनियम-२३५ बराचसा काढून घेतला आहे असे, नैसर्गिक ०.७२ टक्क्यांऐवजी साधारण ०.२ ते ०.३ टक्के उरलेले. त्याबरोबर युरेनियम-२३४ ही घटते आणि त्यामुळे नैसर्गिकाच्या तुलनेत किरणोत्सार कमी होतो. नेमके किती, हे बाटलीवर छापायला हवे होते. राहिलेला मुख्य समस्थानिक युरेनियम-२३८, त्याचे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात. म्हणजे भरलेल्या बाटलीत त्याचे पावणेदोन लाख स्फोट दर सेकंदाला चालू असतात. आकडा ऐकून दचकायला होते, पण अणू फुटताना बाहेर पडणारे हे अल्फा कण हवेत दोन-तीन सेंटिमीटरच जातात, काच ओलांडत नाहीत आणि त्वचेचा मृत थरही भेदत नाहीत. काचेबाहेर मोजणीयंत्र जे टकटक करते ते बहुतांशी बीटा कणांमुळे, आणि ते युरेनियमचे नसून त्याच्या वंशजांचे असतात: थोरियम-२३४, अर्धायुष्य २४ दिवस, आणि त्यातून होणारे प्रोटॅक्टिनियम-२३४, जे मिनिटभर जेमतेम टिकते पण जोरदार बीटा कण सोडते.

येथे एक जुनी कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. हेन्री बेकरेल यांनी १८९६ मध्ये ज्या क्षारामुळे किरणोत्साराचा शोध लावला तो पोटॅशियम युरेनिल सल्फेट होता, म्हणजे आमच्या बाटलीतील क्षाराचा सख्खा भाऊ. विल्यम क्रुक्स यांनी १९०० मध्ये युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये घेतले तेव्हा त्यांना आढळले की युरेनियम ईथरमध्ये जाते आणि छायाचित्राची काच काळी करणारा अंश पाण्याच्या थरात मागे राहतो. त्याला त्यांनी 'युरेनियम एक्स' म्हटले. पुढे बेकरेल यांनी असा वेगळा केलेला माल ठेवून दिला आणि नंतर पाहिले तर निष्प्रभ झालेले युरेनियम पुन्हा पूर्ववत प्रभावी झाले होते व वेगळा काढलेला अंश विझला होता. ताज्या शुद्ध केलेल्या क्षाराची बाटली पहिले पाच-सहा महिने यंत्रावर अधिकाधिक बोलकी होत जाते ती याच कारणाने. आमच्याकडे एका सहकाऱ्याने दोन मोजण्यांतला फरक पाहून बाटली गळते आहे असा अहवाल लिहायला घेतला होता. उत्पादनाची तारीख छापली असती तर तेवढी धावपळ वाचली असती.

खरी भीती बाळगायची ती विषाची. विद्राव्य युरेनिल पोटात किंवा फुप्फुसात गेला तर रक्तातील बायकार्बोनेटशी संयोग पावून मूत्रपिंडात पोहोचतो. तेथे मूत्र आम्लधर्मी झाले की हा संयोग सुटतो आणि मोकळा युरेनिल नलिकांच्या पेशींना चिकटतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील युरेनियमसाठी दिलेली लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा किरणोत्सारावर नव्हे, तर याच रासायनिक विषारीपणावर बेतलेली आहे. म्हणून आमच्याकडे कोरडा क्षार तोलण्याचे काम वर्षातून दोन-तीनदाच होते, फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि मुखपट्टी घालून, ओल्या कागदावर. द्रावण झाले की धोका एकदम कमी होतो, कारण द्रावण उडून नाकात जात नाही. सांडलेले पुसण्यासाठी सोडियम बायकार्बोनेटचे पातळ द्रावण उत्तम. जो संयोग रक्तातून युरेनिलला मूत्रपिंडापर्यंत नेतो तोच येथे त्याला टेबलावरून अलगद सोडवतो. या सगळ्यापैकी जवळजवळ काहीच बाटलीसोबत आलेल्या पत्रकात नव्हते. तेथे किरणोत्सारावर दीड पान होते आणि मूत्रपिंडाचा उल्लेख एका ओळीत.

वेष्टनाच्या आकाराबद्दलही माझी नाराजी आहे. २५ ग्रॅममध्ये दोन टक्क्यांचे सव्वा लिटर द्रावण होते. एका ग्रिडला ३० मायक्रोलिटरचा थेंब धरला तरी हे ४० हजारांहून अधिक थेंब होतात, आणि बेताचे काम असलेल्या प्रयोगशाळेत माणूस निवृत्त होईपर्यंत ते संपणार नाहीत. तोपर्यंत आम्ल उडत राहणार, नोंदवहीत दर तपासणीला उरलेले वजन लिहावे लागणार आणि शेवटी उरलेल्या क्षाराची विल्हेवाट लावण्याचे काम नव्या माणसाच्या गळ्यात पडणार. युरेनियम असल्यामुळे परवाना, नोंद आणि ताळेबंद हे सगळे ग्रॅमाला लागू होते; म्हणून पाच ग्रॅमची किंवा त्याहून लहान, हवाबंद कुपी मिळत असेल तर तीच घ्यावी. टाकाऊ द्रावण मोरीत ओतणे हा विषयच नाही. आम्ही ते वेगळ्या डब्यात साठवतो, आकारमान फार वाढले तर फॉस्फेट घालून गाळ खाली बसवतो आणि वरचे पाणीही तपासल्याशिवाय सोडत नाही. ज्या अभिक्रियेने ग्रिडवर मिरपूड सांडते ती येथे कामाला येते.

पर्यायांबद्दल थोडक्यात. परवान्याच्या कटकटीमुळे अनेक प्रयोगशाळा समेरियम, गॅडोलिनियम, निओडिमियम अशा लँथॅनाइडांच्या ॲसिटेटकडे वळल्या आहेत; त्यांना किरणोत्साराच्या नोंदवहीची गरज नाही आणि ऑक्सिजनची ओढ त्यांनाही आहे. आम्ही त्यांपैकी दोन वापरून पाहिले. रोजच्या कापांसाठी, विशेषतः नंतर शिशाचा टप्पा असेल तर, चित्र समाधानकारक येते आणि मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे नेहमीचे काप पाहणाऱ्याने आता युरेनियम सोडले तर मला नवल वाटणार नाही. निगेटिव्ह स्टेनिंगमध्ये मात्र त्यांचा थर विरळ वाटतो आणि बारीक तपशील पुसट होतो. ऊलाँग चहाचा अर्क वापरण्याचे प्रयोगही प्रसिद्ध झाले आहेत. आम्ही तो करून पाहिलेला नाही. युरेनिलला खरा पर्याय कमरेभोवतीच्या त्या जागा आणि ९२ च्या जवळचा अणुक्रमांक दोन्ही एकत्र देऊ शकेल असाच असायला हवा, आणि असे मूलद्रव्य शोधायला गेलो तर आवर्तसारणीत त्याच्या आजूबाजूला जे सापडते ते त्याहून कितीतरी अधिक किरणोत्सारी आहे.

एक किरकोळ बाब. जुन्या रसायनसूचींमध्ये या क्षाराची 'सोडियम अत्यल्प' अशी वेगळी प्रत असे, कारण झिंक युरेनिल ॲसिटेट हे सोडियम ओळखण्याचे आणि मोजण्याचे अभिकर्मक होते. त्याचा जो अवक्षेप बनतो त्यात वजनाने सोडियम फक्त दीड टक्का असते, म्हणजे चिमूटभर सोडियमचा ढीगभर पिवळा अवक्षेप मिळतो आणि तोलणाऱ्याचे काम सोपे होते. आता सोडियम उपकरणांनी मोजतात, पण सूचीत ती प्रत दिसली तर काप रंगवण्यासाठी तिचा वेगळा फायदा नाही. तिच्यासाठी जादा खर्च करू नये.

गुण द्यायचे तर पदार्थाला दहापैकी नऊ, एक गुण त्याच्या आम्लधर्मी स्वभावासाठी वजा. दुसऱ्या बाटलीला आणि तिच्या पत्रकाला चार. पुढची खरेदी करताना मी पुरवठादाराला आधी तीन गोष्टी लेखी विचारणार आहे: उत्पादनाची तारीख, अविद्राव्य अवशेषाचे प्रमाण आणि युरेनियम-२३५ ची टक्केवारी. पहिल्या बाटलीत अजून अकरा ग्रॅम शिल्लक आहेत, झाकणावर पॅराफिल्मचे दोन वेढे आहेत, आणि मागच्या आठवड्यात उघडली तेव्हा व्हिनेगरचा वास होता.